माना संपतोय? गिअरआधी कास्ट तोडायला शिका

तुम्ही लिहिलंत, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या मोल्टन कोअर रेडमध्ये बॉस निम्म्यावर येईपर्यंत तुमच्या होली प्रीस्टचा (इतरांना बरं करणाऱ्या पात्राचा) माना, म्हणजे स्पेल टाकायची ऊर्जा, संपतो आणि गिल्डमधले (तुमच्या गटातले) 'गिअर वाढव', म्हणजे अंगावरचं साहित्य सुधार, एवढंच सांगतात. गिअरचं नंतर बघू. तुम्ही दिलेल्या लॉगमध्ये (लढाईच्या नोंदीत) फ्लॅश हील या झटपट स्पेलच्या रँक ७ची (रँक म्हणजे स्पेलची पायरी; वरची जास्त ताकदीची आणि महाग) रांग लागली आहे, दुखणं तिथे आहे.

(हिशेब गेमच्या क्लासिक १.१२ आवृत्तीचा. बर्निंग क्रुसेड या पुढच्या विस्तारात जुन्या रँकच्या हीलिंग बोनसला कात्री लागते.)

माना खर्च झाला की पुढचे ५ सेकंद स्पिरिट या गुणातून येणारा माना थांबतो. मेडिटेशन टॅलेंट पूर्ण घेतलं असेल तर १५ टक्के चालू राहतो, बस. ३०० स्पिरिटला दर २ सेकंदांनी साधारण ८८ माना मिळायला हवा, पण सतत फ्लॅश मारत राहिलात तर ते ५ सेकंद लढाईभर संपतच नाहीत. मात्र माना कापला जातो तो कास्ट (स्पेल टाकणं) पूर्ण होताना, सुरू होताना नाही. म्हणून टँकवर (बॉसचा मार झेलणाऱ्यावर) मोठं हील आधीच सुरू करून ठेवायचं, शेवटच्या अर्ध्या सेकंदात त्याची हेल्थ बघायची आणि ती भरलेली असेल तर पाऊल हलवून कास्ट तोडायचं. माना वाचतो, ५ सेकंदही नव्याने सुरू होत नाहीत. मधल्या काळात मार बसला असेल तर हील तयारच असतं. पिंग (इंटरनेटचा विलंब) जास्त असेल तर थोडं आधी तोडा.

आता रँक. गिअरमधून +४०० हीलिंग बोनस असेल तर फ्लॅश ७ साधारण १०५० देतं, ३८० मानात. ग्रेटर हील रँक १ सुमारे १३०० देतं, ३७० मानात. हील रँक २ तर २०५ मानात ८०० देतं. कारण बोनस मूळ कास्टवेळेवर ठरतो: ३ सेकंदांच्या हीलला त्या +४००चे सुमारे ८६ टक्के, दीड सेकंदाच्या फ्लॅशला ४३. डिव्हाइन फ्युरी टॅलेंटने कास्ट अर्ध्या सेकंदाने कमी झाला तरी बोनस घटत नाही. लेव्हल २०च्या आधी शिकलेले रँक मात्र टाळा, त्यांचा बोनस कापला जातो. फ्लॅश फक्त कोणी मरायला टेकलं असेल तेव्हा.

रिन्यू (थोडंथोडं भरणारा स्पेल) १५ सेकंद पूर्ण होऊ द्या, मध्येच पुन्हा टाकलंत तर उरलेले टिक (हीलचे हप्ते) वाया जातात. मेजर माना पोशन २,२५० माना कमी झाला की लगेच प्या. तळाला जाईपर्यंत थांबलात तर २ मिनिटांचा कूलडाऊन (पुन्हा पिण्याआधीची सक्तीची थांब) उशिरा सुरू होतो आणि दुसरी बाटली पिण्याची वेळच येत नाही. इनर फोकस (पुढचा स्पेल फुकट करतो) सगळ्यात महागड्या हीलसाठी ठेवा.

ल्युसिफ्रॉन या बॉसवर एक तपासा: त्याचा शाप अंगावर असेल तर प्रत्येक स्पेलचा खर्च दुप्पट होतो. तो प्रीस्टला काढता येत नाही, गटातल्या मेज किंवा ड्रूइडला सांगा.

आणि हीलिंग मीटरवरून हीलर जोखणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ओव्हरहील (भरलेल्या हेल्थवर वाया गेलेलं हील) किती झालं ते न बघता वरचा नंबर मिरवला जातो आणि नवा माणूस त्याच्यामागे धावत माना जाळतो. गिल्डने बोट दाखवलंच तर आधी ओव्हरहीलचा रकाना उघडायला सांगा. तुमचा आकडा ४० टक्क्यांच्या वर असेल तर रँक खाली आणा, पुढच्या आठवड्याचा लॉग इथे टाका, मी बघते.