चहा नंतर ठेवा

‘बाई, तोंडाने म्हणते सगळं देवाला वाहिलं, आणि दिवसभर दातओठ खात असते. असलं अर्पण वर पोचतं का?’

वसईच्या वाड्यांमधून आलेली ही बाई पंचेचाळिशीची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चर्चच्या आवारातल्या खोलीत लोकांची अडचण ऐकायला मी शनिवारी बसते, तिथे ती केळफूल घेऊन आली, रिकाम्या हाताने कुणाकडे जायची सवय नाही. प्रश्न जुनाच. आमच्याकडे दर दुसरी बाई तो वेगळ्या शब्दांत विचारते. पुरुष क्वचित विचारतात, त्याचं कारण वाचकांनीच ओळखावं.

पहाटे साडेतीनला उठून जुड्या बांधायच्या, लोकलने दादर, भाजी विकून अकराच्या आत घरी. नवरा दुपारपाळीला, म्हणून सकाळी तो घरात. मग सासूबाई. अर्धांगवायूला चार वर्षं झाली, सगळं अंथरुणात. दीर कॅनडात, नणंद तीन स्टेशनं पलीकडे. ती सणाला येते आणि म्हणते, ‘वहिनी, तुझं भाग्य, आईची सेवा तुझ्या हातून होते.’

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, महिनोन्महिने चुकलेली. रात्री रोजरीची जपमाळ धरली की तिसऱ्या दहाकात, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या गटात, मणी हातातून गळतात. हे सगळं ती भराभर बोलली आणि मग थांबली. ‘परवा पेज भरवताना चमचा जरा जोरात लागला त्यांच्या ओठाला. मुद्दाम नव्हता.’ थोड्या वेळाने, ‘मुद्दामच होता, बाई.’

पहिल्या भेटीत मी चुकले. प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं वचन सांगितलं: आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करा. तिने मान डोलावली. ‘फादरपण हेच सांगतात.’ आणि पुढचे दोन शनिवार आली नाही. जे औषध ती आधीच जास्त घेत होती, तेच मी पुन्हा पाजलं होतं.

परत आली तेव्हा आधी विचारलं, सलग किती तास झोपता? चार, कधी तेवढेही नाही. दवाखान्यात पाठवलं, रक्तदाब वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि मगच त्या वचनाकडे वळलो. यावेळी एकाच शब्दाकडे: जिवंत. जुन्या करारात रोज दोन कोकरं अर्पायची, एक सकाळी, एक संध्याकाळी. कोकराला कुणी विचारत नसे. पौल जिवंत माणसाबद्दल बोलतोय. त्याला भूक लागते, झोप येते, आणि ते स्वतःला स्वतःच्या हाताने देतं.

‘तुम्हाला कुणी विचारलं होतं?’

‘मोठी सून ना मी. धरूनच चाललेत.’

राग सासूवर नव्हताच. चमचा तेवढा तिला लागत होता.

पण मदत मागायला ती तयार नव्हती. ‘माझा क्रूस दुसऱ्याच्या खांद्यावर कसा टाकू?’ मी विचारलं, क्रूसाच्या वाटेत (येशूच्या अखेरच्या वाटचालीचे टप्पे आठवत करायची प्रार्थना) पाचवं स्थान कोणतं? उपवासकाळातल्या शुक्रवारी लहानपणापासून चाललेली ती. ‘कुरेनेकर शिमोन येशूला क्रूस वाहायला...’ म्हणता म्हणता अडखळली. मग हट्टाने म्हणाली, ‘तो आपणहून नव्हता आला. शिपायांनी धरून आणला होता.’

‘मग नणंदेलाही धरून आणा.’ तेव्हा पहिल्यांदा हसली.

तिला मी एक कागद लिहून दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात प्रापंचिकांचं काय काय आध्यात्मिक यज्ञ होऊ शकतं ते सांगितलंय: प्रार्थना, संसार, रोजचं काम, धीराने सोसलेलं दुःख. आणि त्यांच्याच रांगेत शरीर-मनाची विश्रांती. प्रवचनांत हा शब्द मी फारसा ऐकलेला नाही. चुकलेल्या मिस्सांचंही सांगितलं: आजाऱ्याजवळून हलता येत नसेल तर ते पाप धरत नाहीत. ती मात्र दर पापकबुलीला तेच सांगत आली होती.

दिराने दिवसा सासूबाईंना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे लगेच पाठवले. पैसे देणं त्यातल्या त्यात सोपं. नणंदेला दीड महिना लागला, मध्ये गुडघे दुखले, मध्ये मुलीची परीक्षा आली. आता ती शनिवारी रात्री मुक्कामाला असते. राग गेला का? ‘येतो. पण आता दारात थोडा थांबून येतो,’ असं या सुनेचं म्हणणं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. दर पहिल्या शुक्रवारी फादर सासूबाईंसाठी पवित्र कम्युनियन (मिस्सेत येशूचं शरीर म्हणून अर्पिलेली भाकर) घेऊन घरी येतात. मी सहज विचारलं, तेव्हा तुम्हीही घेता ना?

‘मी? मी आत फादरांसाठी चहा ठेवत असते.’

चार वर्षं. कम्युनियन घरात येत होतं आणि ही गॅससमोर उभी.

पुढच्या शुक्रवारी तिने फादरांना आधीच निरोप धाडला. मेणबत्ती लावून खाटेजवळ जमिनीवर बसली, शेवटच्या प्रार्थनेपर्यंत उठली नाही. सासूबाईंची जीभ जड आहे, दोन शब्द मुश्किलीने निघतात. त्या दिवशी मात्र स्पष्ट म्हणाल्या, ‘फादरला चाय नाय?’