कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू घरभर शू करतं, ओरडूनही ऐकत नाही. काय करावं?

ओरडणं आधी बंद करा. शूमध्ये नाक घासल्याने किंवा रागावल्याने पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायची नाही. मग सोफ्यामागे करतं. या वयात त्याचा ताबाच कमी असतो. ढोबळ हिशेब: वयाचे महिने अधिक १, तेवढे तास ते फार तर थांबू शकतं. म्हणजे तुमचं ३ तास, तेही झोपेत.

जागं असताना दर तासाला ठरलेल्या एकाच जागी न्या. शिवाय झोपून उठल्याबरोबर, खेळ थांबला की आणि खाल्ल्यावर ५ ते २० मिनिटांत. रात्रीही गजर लावून उठावं लागेलच. शू संपताच २-३ सेकंदांत तिथेच खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर ते बक्षीस घरात येण्याचं ठरतं, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं.

घरात झालीच तर एन्झाइमवाल्या (वास मुळातून काढणाऱ्या) क्लीनरने पुसा. फिनाइल नको: त्याने वास फक्त झाकला जातो, पिल्लू पुन्हा तिथेच बसतं, शिवाय चाटलं तर घातक. पाणी मात्र तोडू नका. थेंब थेंब, कुंथत किंवा रक्तासह होत असेल तर तो सवयीचा प्रश्न नाही, संसर्ग असू शकतो, पशुवैद्याकडे न्या.