जिवाणूच्या डीएनएत लिहिलेला मजकूर नंतर बदलता येतो का?

प्रश्न असा: ई. कोलाय या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रात दोन-चार ओळींचा मराठी मजकूर साठवला, तर तो किती टिकेल आणि नंतर त्यातला एखादा शब्द बदलता येईल का?

टिकवणं आणि बदलणं, दोन्ही जमतं. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या कृत्रिम जीनोममध्ये (संपूर्ण डीएनएत) चार 'वॉटरमार्क' लिहिले, त्यात माणसांची नावं आणि अवतरणंसुद्धा होती. लिहिणं हा सोपा भाग. बदल केल्यावर जुना मजकूर कल्चरमधून (वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रावातून) खरोखर गेला आहे, हे दाखवताना घाम निघतो, कारण एका मिलिलिटरमध्ये अब्जभर पेशी असतात आणि प्रत्येकीकडे फाईलची स्वतःची प्रत असते.

आधी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचं डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार बेसमध्ये रूपांतर, कारण पुढचे निम्मे त्रास इथेच पेरले जातात. सर्वांना सुचणारी पद्धत म्हणजे ए=००, सी=०१, जी=१०, टी=११ आणि मजकूर थेट यूटीएफ-८ या संगणकाच्या नेहमीच्या अक्षरसंकेतात. देवनागरीसाठी हे घातक आहे. या पद्धतीत 'म' होतो टीजीएए-जीजीसीए-जीजीटीजी आणि 'र' होतो टीजीएए-जीजीसीए-जीटीएए. पहिले आठ बेस तेच. 'मराठी' या शब्दाचे पाच कोड, पंधरा बाइट, साठ बेस. त्यातल्या चार कोडांची सुरुवात टीजीएएजीजीसीए. शंभर अक्षरांच्या मजकुरात हाच तुकडा बहुतेक वेळा दर बारा बेसनंतर येत राहतो. असा क्रम डीएनए बनवून देणाऱ्या कंपन्या बहुधा नाकारतात, आणि बनलाच तरी पेशीत प्रतिकृती होताना पुनरावृत्तीवर घसरून मधला भाग गळतो.

म्हणून युनिकोडच्या देवनागरी तक्त्यातल्या १२८ जागांना एका बाइटची खालची निम्मी बाजू द्या, वरच्या निम्म्यात स्पेस, स्वल्पविराम वगैरे बसवा. एका चिन्हाला चार बेस पुरतात. (जोडाक्षराला अर्थातच जास्त, हलन्त हे वेगळं चिन्ह आहे.) मग हा बाइटप्रवाह ठरावीक सीडच्या (सुरुवातीच्या आकड्याच्या) यादृच्छिक प्रवाहाशी एक्सॉर करा, म्हणजे बिटागणिक मिसळा; तोच प्रवाह पुन्हा मिसळला की मूळ मजकूर मिळतो. त्याने पुनरावृत्ती मोडते.

मजकुराचे ठरावीक लांबीचे ब्लॉक पाडणं मात्र टाळू नका. २० चिन्हांचे ८० बेस, ब्लॉक क्रमांकाचे ४ आणि १६ बिटांच्या चेकसमचे (चूक पकडणाऱ्या आकड्याचे) ८, एकूण ९२. प्रत्येक ब्लॉकचा एक्सॉर प्रवाह स्वतंत्र ठेवा. सलग एकच प्रवाह वापरला आणि नवा शब्द जुन्यापेक्षा एका अक्षराने लांब निघाला, तर त्यापुढचा सगळा क्रम बदलतो आणि शब्दाऐवजी आख्खी फाईल पुन्हा लिहावी लागते. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी दोन-चार चिन्हांची जागा मोकळी सोडली तर पुढे बरंच सोपं जातं.

सीड बदलत बसून असा क्रम निवडा की जी आणि सी मिळून ४० ते ६० टक्के राहतील, एकच बेस सलग चारपेक्षा जास्त वेळा येणार नाही, आणि तुम्ही वापरणार त्या एन्झाइमांच्या डीएनए कापण्याच्या जागा, म्हणजे रिस्ट्रिक्शन साइट (उदाहरणार्थ बीएसए-वनचा जीजीटीसीटीसी आणि त्याचा उलट पूरक जीएजीएसीसी) नसतील. टीटीजीएसीए आणि त्यानंतर १७ बेसवर टीएटीएएटी अशी जोडीही नको. तो प्रमोटर आहे, पेशी तुमचा मजकूर आरएनएत उतरवू लागेल.

जागा गुणसूत्रातलीच घ्या. प्लाझ्मिडला (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-वर्तुळाला) प्रतिजैविकाचा दाब नसेल तर काही पिढ्यांत तो गमावलेल्या पेशी पुढे जातात. जीएलएमएस जनुकाच्या लगेच मागे टीएन-७ या जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्याची बसण्याची जागा आहे, तिथे घातलेल्या तुकड्याने वाढीवर सहसा फरक पडत नाही.

टिकण्याबद्दल लोकांची भीती चुकीच्या ठिकाणी असते. ई. कोलायचा उत्परिवर्तनाचा दर दर पिढीला दर बेसमागे साधारण २×१०⁻¹⁰ आहे. आठ ब्लॉक, म्हणजे ७३६ बेस, हजार पिढ्या वाढवले तरी एखाद्या वंशात बदल झालेला असण्याची शक्यता सुमारे सात हजारात एक. डेटा जातो तो पुनरावृत्तींमुळे, किंवा मजकुराने पेशीला किंचितही ओझं झालं तर. ते ओझं टाकून दिलेली पेशी जरा वेगाने वाढते आणि काही दिवसांत तीच बहुसंख्य होते.

आता संपादन. डीएनए तुकडे जुळवणारी लॅम्डा रेड प्रथिनं आणि जुना क्रम असलेल्या पेशी मारणारं कॅस-९, ही जोडी वापरा. पीकॅस या प्लाझ्मिडवर दोन्ही आहेत. कॅस-९ ला कापायची जागा दाखवणारा गाइड आरएनए दुसऱ्या, पीटार्गेट प्लाझ्मिडवरून येतो. बदलायच्या ब्लॉकमध्ये २० बेसचं लक्ष्य आणि त्याला लागून एनजीजी (कोणताही एक बेस, मग दोन जी) हवं, हेही एन्कोडिंगच्याच वेळी पाहून ठेवा. नवा ब्लॉक वेगळ्या सीडने बनवा, म्हणजे ते लक्ष्य त्यात उरणार नाही. नाहीतर कॅस-९ सुधारलेल्या पेशीही कापेल.

पीकॅस तापमान-संवेदी आहे, म्हणून कल्चर ३० अंशांवर वाढवा, लॅम्डा रेड सुरू करायला १० मिलिमोलर अरॅबिनोज घाला आणि ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ च्या आसपास बर्फात ठेवा. थंडगार १० टक्के ग्लिसरॉलने तीनदा धुवा. ५० मायक्रोलिटर पेशींत १०० नॅनोग्रॅम पीटार्गेट आणि ४०० नॅनोग्रॅम नवा तुकडा, १ मिलिमीटर क्युव्हेट, १.८ किलोव्होल्ट; या विजेच्या झटक्याने डीएनए पेशीत शिरतो. ठिणगी पडली तर क्षार राहिलेत. धुणं किंवा डीएनएची शुद्धता तपासा. नव्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी ५० बेसची जुळणी कशीबशी पुरते, ४०० च्या आसपास ठेवली तर कॉलन्या कितीतरी जास्त मिळतात.

एखादाच बेस बदलायला लहान ऑलिगो (डीएनएचा छोटा एकेरी तुकडा) पुरतो, पण पेशीची दुरुस्ती यंत्रणा तो पुष्कळदा पूर्ववत करते. त्यासाठी काही जण म्यूट-एस जनुक बंद करतात. उत्परिवर्तनाचा दर त्याने सुमारे शंभर पट होतो, म्हणजे वरचा सगळा हिशेब कोलमडतो. साठवणीच्या स्ट्रेनमध्ये हे करू नका.

वारंवार बदलणारा एखादा बिट हवा असेल तर वेगळा रस्ता आहे. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने बीएक्सबी-१ इंटिग्रेज या कापून जोडणाऱ्या एन्झाइमने डीएनएचा तुकडा उलटवून एक बिट लिहिला, आणि इंटिग्रेजसोबत त्याची क्रिया उलट करणारं एक्सिजनेज हे प्रथिन देऊन तो परत फिरवला. दोन्ही जुळणीस्थळं विरुद्ध दिशेला लागतात. एकाच दिशेला ठेवलीत तर तुकडा उलटण्याऐवजी कापला जाऊन हरवतो. पुसताना दोन प्रथिनांचं प्रमाण बिघडलं तर काही पेशी ० आणि काही १ दाखवतात. शिवाय प्रत्येक बिटासाठी वेगळं इंटिग्रेज लागतं, त्याचं जनुक दीड हजार बेसच्या घरात. २०१४ मध्ये अशा अकरा इंटिग्रेजची मेमरी झाली, क्षमता १.३७५ बाइट. मजकुरासाठी हा विचार सोडाच.

आता पडताळणी. वाढत्या ई. कोलायमध्ये गुणसूत्राच्या एकाहून जास्त प्रती असतात, त्यामुळे पहिल्या प्लेटवरची कॉलनी मिश्र असू शकते. काही कॉलन्या कॅस-९ किंवा गाइडच बिघडल्यामुळे वाचलेल्या असतात, त्यांत जुना मजकूर जसाच्या तसा असतो. कॉलनी दोनदा रेघाटून एकेकटी करा, मगच संपूर्ण ७३६ बेस दोन्ही बाजूंनी सँगर पद्धतीने वाचा. ३७ अंशांवर वाढवून पीकॅस घालवा; त्याआधी आयपीटीजी हे रसायन देऊन पीटार्गेट. शेवटी फक्त जुन्या ब्लॉकला जुळणारा प्रायमर (डीएनएचा छोटा तुकडा) घेऊन पीसीआर करा, म्हणजे तो ब्लॉक कुठे उरला असेल तर त्याच्या असंख्य प्रती होतील. जेलवर पट्टी येता कामा नये. मात्र शेजारी हजारात एक जुनी पेशी मुद्दाम मिसळलेला नमुनाही चालवा आणि त्यात पट्टी दिसतेय ना ते बघा, नाहीतर कोऱ्या जेलला काही अर्थ नाही. हे झालं की त्याच दिवशी १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवा आणि पुढचं प्रत्येक कल्चर त्या कुपीतूनच सुरू करा, आदल्या आठवड्याच्या प्लेटवरून नाही.