अमेरिकेत एफएएल (बेल्जियन बनावटीची जुनी सैनिकी रायफल) सुटे भाग जुळवून बनवली तर स्वस्त पडेल का?

पूर्वी पडायची, आता क्वचितच. 2005 नंतर सुट्या भागांच्या किटबरोबर बॅरल आयात करता येत नाही, म्हणजे ही महागडी वस्तू वेगळी घ्यावी लागते. त्यात रिसीव्हर, म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा. तिथल्या कायद्याच्या नजरेत रिसीव्हर म्हणजेच बंदूक. त्यावर नंबर असतो, नवा घेतला तर तो परवानाधारक दुकानातूनच येतो. शिवाय 922-आर, म्हणजे परदेशी भागांवर मर्यादा घालणारं कायद्यातलं कलम: यादीतले 20 भाग, त्यांतले परदेशी 10 पेक्षा जास्त चालत नाहीत. हॅमर, ट्रिगर, पिस्टन बदलत बसलात की बचत गेलीच. वर हेडस्पेस (काडतूस नळीत किती घट्ट बसतं ते अंतर) गेजने तपासायला गनस्मिथची, म्हणजे बंदूक कारागिराची, मजुरी. ही तपासणी टाळू नका, तोंडाशेजारी काडतूस फुटतं.

माझं मत, तयार घ्या. सेकंडहँड असेल तर रिसीव्हर कोणाचा, हे आधी पाहा. भाव त्यावरच ठरतो; वरची चकचकीत पॉलिश बघून भुलू नका. 7.62×51 काडतुसाची (एफएएलचंही हेच) रायफल हवी, एफएएलचा हट्ट नाही, असं असेल तर जी-3 या जर्मन सैनिकी रायफलीच्या धर्तीवरची पीटीआर बघा. तिला जुनी जर्मन ॲल्युमिनियम मॅगझिन्स चालतात, ती स्वस्तात मिळतात.

एच-1बी वर असाल तर आधी वकिलाला विचारा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगणंच गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आणि भारतात? विसरा. इशापूरच्या कारखान्यातली एसएलआर ही सैनिकी रायफल एफएएलच्याच घराण्यातली, पण सेमी-ऑटोमॅटिक (ट्रिगर दाबला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) रायफल सामान्य माणसाला निषिद्ध.