‘सॅटर्न’ आणि ‘शनी’ यांचे मूळ एकच आहे का?

एकाच ग्रहाची ‘सॅटर्न’ (इंग्रजी) आणि ‘शनी’ ही नावे एकाच धातूपासून आली असावीत का आणि सॅटर्न हा काळाचा देव होता का, असे दोन प्रश्न विचारण्यात आले आहेत. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. मात्र दुसऱ्या प्रश्नामागचा गैरसमज फार जुना आहे.

‘सॅटर्न’ हे लॅटिन ‘सातुर्नुस’चे इंग्रजी रूप. सातुर्नुस हा रोमन लोकांचा शेतीचा, विशेषतः पेरणीचा देव. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकात, त्याच्या देवळाचे आठ खांब आजही उभे आहेत आणि प्राचीन काळी राज्याचा खजिना याच देवळात असे. त्याचा उत्सव १७ डिसेंबरला सुरू होई आणि त्यात गुलामांना एरवी न मिळणारी मोकळीक मिळे.

इ.स.पू. पहिल्या शतकातील पंडित वार्रो याने हे नाव ‘सतुस’, म्हणजे पेरणी, या शब्दापासून साधले. अर्थ चपखल बसतो, पण ‘सतुस’मधील पहिला स्वर ऱ्हस्व आहे, तर ‘सातुर्नुस’मधील दीर्घ. त्यामुळे ही व्युत्पत्ती आज फारशी ग्राह्य धरली जात नाही आणि नाव एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या शेजारच्या प्राचीन इटालियन लोकांच्या भाषेतील, असावे असे अनेकांना वाटते. माझ्या मते वार्रोने आधी अर्थ ठरवला आणि मग शब्द शोधला; आपल्याकडेही ही खोड कमी नाही.

काळाचा संबंध ग्रीकांमुळे आला. रोमनांनी सातुर्नुसची सांगड ग्रीक क्रोनोसशी, म्हणजे देवराज झ्यूसच्या, स्वतःची मुले गिळणाऱ्या पित्याशी घातली. ग्रीकमध्ये काळाला ‘ख्रोनोस’ म्हणतात. शब्द निराळा, आरंभीचे व्यंजनही निराळे, परंतु प्राचीनांनीच दोन्ही एक मानले आणि मुले गिळणे म्हणजे काळाने वर्षे गिळणे, असे रूपक लावले.

‘शनी’ मात्र ‘शनैश्चर’चे संक्षिप्त रूप आहे. ‘शनैः’ म्हणजे हळूहळू, ‘चर’ म्हणजे चालणारा. या ग्रहाला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत तो साधारण अडीच वर्षे असतो. तीन राशींची मिळून साडेसाती होते. लॅटिन नाव दैवतकथेतून आले, संस्कृत नाव आकाशातील गतीवरून.

नावे वेगळी असली तरी या ग्रहाचा वार एकच आहे: इंग्रजीत ‘सॅटर्डे’, आपल्याकडे शनिवार. ग्रहांवरून ठरलेला वारांचा क्रम ग्रीक-रोमन जगातून ज्योतिषाबरोबर भारतात आला आणि मध्य प्रदेशातील एरण येथील इ.स. ४८४ च्या शिलालेखात गुरुवारचा उल्लेख सापडतो.