कोकणातल्या खेड्यात सोशल मीडिया खरंच रोजच्या वापरात आहे, की नुसता टाइमपास?

मी देवगड तालुक्यातला, हापूसची थोडी कलमं आहेत. तेव्हा आमच्या घरापुरतं सांगतो.

सकाळी सातच्या सुमारास व्हॉट्सॲप ग्रुपवर बंदरावरून एका ओळखीच्याचा फोटो येतो: टोपलीत बांगडे, बाजूला दोन सुरमया. आईला टाइप करायचा कंटाळा, ती बोलूनच पाठवते, "बांगडे ताजे आसत मां? माका एक वाटो ठेव रे." मासेवालीची वाट बघत पडवीत बसणं आमच्याकडे आता संपलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा त्याच ग्रुपवर सुकी सुंगटं (कोळंबी) आणि सुप्रभातची फुलं.

2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तोवर व्हॉट्सॲप हे मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचं कौतुक होतं. आता वाडीच्या ग्रुपवर निम्म्याहून जास्त माणसं मुंबईतच आहेत. गणपतीत कोणाकडे कधी भजन, कोणाला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, सगळं तिथेच. मयत झालं तर शेजारच्या वाडीच्या आधी डोंबिवलीला कळतं. भांडणंही तिथेच होतात म्हणा. आमच्या दोन चुलत्यांचा गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, वाद आहे. समोरासमोर भेटले की एकमेकांना चहा विचारतात, ग्रुपवर मात्र एकमेकांची अक्कल काढतात. मुंबईकर अंगठ्याचे इमोजी टाकून तेल ओततात, ते वेगळंच.

माझ्यासाठी खरा फरक पडला तो आंब्यात. 2020च्या लॉकडाऊनमध्ये वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवण्याचा भरवसा राहिला नाही. भाच्याने पेटीचा फोटो पुण्यातल्या त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि आठवड्यात चाळीस पेट्या गेल्या. दलाली नाही, पैसे थेट खात्यात. तेव्हापासून निम्मा माल असाच जातो.

पण याची दुसरी बाजूही ऐका. पुढच्या एका हंगामात एका गिऱ्हाइकाने कापलेल्या आंब्याचा फोटो टाकला. आत साका. साका वरून दिसत नाही हो, फळ पिवळंधमक असतं, वासही येतो, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बागायतदारालाही कापल्याशिवाय कळत नाही. हे मी ग्रुपवर समजावून लिहीपर्यंत अकरा ऑर्डरी रद्द. मी त्या बाईंना डझनभर आंबे बदलून दिले, त्यांनी तसं लिहिलंही, पण ते कोण वाचतो? बाजारात एका पेटीची तक्रार त्या पेटीपुरतीच असायची. आता मी प्रत्येक पेटीत चिठ्ठी घालतो: साका निघाला तर फोटो आधी मला पाठवा.

आणि हे सगळं मोबाइलच्या टॉवरवर किती टांगलेलं आहे, ते 16 मे 2021ला कळलं. तौक्ते वादळात वीज गेली, रेंज गेली. परसातलं फणसाचं झाड पडवीवर आलं, कलमांखाली आंब्यांचा सडा. मुंबईत भावाला आम्ही जिवंत आहोत हे सांगायला पोरगा बाइकवरून रेंज शोधत फिरला. पाचव्या दिवशी फोन लागला आणि तुंबलेले मेसेज धडाधड आले. पहिलाच पुण्याहून होता, वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा: "काका, शेवटच्या दोन पेट्या मिळतील का?"