अंबाड्याच्या वेलीचे मोती तुटतात? गोंद राहू द्या, पीळ बघा

अंबाड्यात खोचायची तार-मोत्यांची वेल एकदाच माळली आणि तिचे चार मोती तुटून हातात आले, आता कोणता गोंद लावू, असं विचारलंय तुम्ही. तारा नेमक्या मण्याच्या भोकाशीच तुटल्यात असंही लिहिलंय. मग गोंदाचा संबंधच नाही, पीळ जास्त झालाय. याच चुकीपायी माझी अख्खी ऑर्डर परत आली होती, म्हणून जरा लांबण लावते.

ओवणं तुम्हाला येतंच. मोती ओवल्यावर दोन्ही पदर खाली जुळवा, दोन सेंटीमीटरवर डाव्या चिमटीत धरा आणि तार न पिळता मोतीच गोल फिरवा. २८ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तारेला सेंटीमीटरमागे पाच-सहा वेढे पुरे. मोत्याखाली केसभर फट राहिली तर राहू दे! ती बुजवायला आणखी दोन वेढे दिले की तार भोकाच्या धारेवर कातरते. तुटते मात्र नंतर, अंबाड्यात खोचताना. काचेच्या मण्यांची धार जास्त, तिथे फट थोडी मोठीच ठेवा.

दुसरं, बिघडलेला पीळ उलगडून पुन्हा घालू नका. तांब्याची तार वाकवून सरळ केली की दरवेळी आणखी कडक होते आणि शेवटी मोडते. तेवढी फांदी (मोत्याखालचा पिळलेला तुकडा) कापा, नवी तार मुख्य देठाला चार-पाच वेढे देऊन जोडा. २५ सेंटीमीटरच्या वेलीला, दर दीड सेंटीमीटरवर दोन सेंटीमीटरची फांदी धरून, साधारण दीड मीटर तार लागते. तोकडी कापली की पीळ उसवून तार वाचवायचा मोह होतो.

तारही तपासा. दुकानदार ‘तांब्याचीच आहे’ म्हणतो, मलाही म्हणाला होता. चुंबकाला चिकटली तर लोखंडी, घामाने गंजणार. चिकटली नाही तरी टोक ब्लेडने खरवडा. आत लालसर दिसलं तर तांबं, पांढरं दिसलं तर बहुधा ॲल्युमिनियम, ते लवकर मोडतं. आणि २८ गेज म्हणून कुठे ०.३२ मिमी देतात, कुठे ०.३७. दोन्ही चालतात, एका वेलीत मिसळू नका.

गोंद लावायचाच तर वेल ज्यावर बांधतो त्या केसांत खोचायच्या छोट्या कंगव्याशीच, तोही तारेने दात-दात बांधून झाल्यावर. झटपट चिकटणारा नको, त्याच्या वाफेने मोत्यांवर पांढुरकी झाक बसते. बी-७००० हा दागिन्यांचा सावकाश वाळणारा गोंद लावा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. (प्लॅस्टिकच्या मोत्यांपुरतं सांगतेय, खऱ्या मोत्यांचं काम मी करत नाही.) गिऱ्हाइकाला एवढं जरूर सांगा: हेअरस्प्रे आधी, तो वाळला की मग वेल. स्प्रेतल्या अल्कोहोलने मोत्यांचा मुलामा उतरतो.

तारेची टोकं कंगव्याच्या वरच्या अंगाला, मोत्यामागे दडवा. खालून राहिली तर डोक्याला टोचतात, आणि वेल काढताना केस ओढतात ते वेगळंच.